कायद्याच्या मास्तरांचे लेखन

तळेगाव दाभाडे येथे बाबासाहेबांचा बंगला आहे. मी याच गावात महाविद्यालयात इतिहास शिकवतो आणि दरवर्षी विद्यार्थ्यांना घेऊन तेथे जातो. 'घटनेचे शिल्पकार' हे शब्द प्रत्येकाच्या ओठावर असतात. परंतु बाबासाहेब कायद्याचे प्राध्यापक होते, रोजच्या वर्गावर उभे राहत होते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. पांढरपेशा इतिहासकारांनी त्याची दखल ओझरती घेतली. आपणही जयंतीच्या गजरात ती घेतली नाही, हे कबूल केले पाहिजे.

25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. पुढच्याच जूनमध्ये बाबासाहेब मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात शिकवू लागले आणि 1935 ते 1938 या काळात तेथे प्राचार्य होते. त्यांच्या आधी, 1917 ते 1923, याच कॉलेजात पां. वा. काणे शिकवीत. काण्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास 1930 ते 1962 या काळात पाच खंडांत भांडारकर संस्थेने काढला. 1963 साली त्यांना भारतरत्न मिळाले. ती विद्वत्ता नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. बाबासाहेबांनीही केला नाही. 'द अनटचेबल्स' (1948) मध्ये वेदकाळातील गोमांसभक्षणाचा मुद्दा मांडताना त्यांनी काण्यांच्या 'धर्मशास्त्रविचार' या मराठी पुस्तकाचा आधार घेतला. काण्यांनी जे नोंदवून ठेवले, ते बाबासाहेबांनी साक्षीला बोलावले, एवढाच फरक. पण हा फरक लहान आहे काय?

प्राचार्य असतानाच, 1936 च्या जानेवारीत, बाबासाहेबांनी कॉलेजच्या नियतकालिकात कायदेशिक्षणाच्या सुधारणेवर लेख लिहिला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात 'जातिनिर्मूलन' स्वतःच्या खर्चाने छापले. त्यांची वर्गासाठीची टिपणे मात्र हस्तलिखितातच पडून राहिली. इंग्लंडच्या राज्यघटनेवरील व्याख्याने, विश्वस्तांचा कायदा, पुराव्याचा कायदा, मालमत्ता हस्तांतरण, फौजदारी प्रक्रिया, मुदतीचा कायदा : ही सारी टिपणे वसंत मून यांनी संपादिलेल्या बाराव्या खंडात 1993 साली प्रसिद्ध झाली. त्यांत आवेश नाही. पोराला कलम कळावे, एवढीच खटपट आहे.

असे लेखन आज कुठल्या रकान्यात भरायचे? 2010 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या लेखनाला गुण लावले. मीही ते तक्ते भरतो. त्यांत वर्गाच्या टिपणांना जागा सापडत नाही. 1979 सालच्या त्या खुल्या पत्राला तरी सापडली असती काय, कोण जाणे. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये दोन्ही पोलिसांना सोडले. तेव्हा उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहून विचारले, की मुलगी गप्प राहिली म्हणजे तिची संमती होती, हे कसे ठरविले? पत्र छापून आले, स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. काही पानांचे लेखन ते! कित्येक जाडजूड प्रबंधांना हे साधले नाही.

मी हे तटस्थपणे लिहू शकत नाही. घरात पहिला पदवीधर मी. आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे, तीत आजोबांच्या वतनी जमिनीचे कागद आहेत. महार वतनाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी 1928 सालीच कौन्सिलात विधेयक आणले होते. वतने रद्द करणारा कायदा 1958 चा. आजोबांकडे जमीन राहिली, पण पुढे दुसऱ्याने कब्जा केला. आजोबा सही करीत नसत, अंगठा करीत. कोर्टात जायला पैसे जमेपर्यंत वर्षे गेली. निकालपत्र इंग्रजीत होते. ते घरात कोणालाच वाचता आले नाही, मी बी.ए. झालो तेव्हा प्रथम वाचले.

मागच्या उन्हाळ्यात बाराव्या खंडातील मुदतीच्या कायद्याचे टिपण काढले आणि ते निकालपत्र शेजारी ठेवले. जमिनीच्या कब्जासाठी दाव्याची मुदत साधारणपणे बारा वर्षांची असते. आजोबांनी दावा लावला तो तेराव्या वर्षी. ते टिपण मी आता मराठीत उतरवायला घेतले आहे. पहिली सहा पाने झाली आहेत.