मधुमेही पायाची जखम आणि त्वचारोपणाचा इतिहास

मधुमेही माणसाची जखम मोठ्या कष्टाने भरून येते, हे निरीक्षण सुश्रुतसंहितेत नोंदविलेले आहे. कुष्ठी, विषबाधित व क्षयी रुग्णांच्या पंक्तीतच सुश्रुतांनी मधुमेह्यास बसविले. व्रणावरील त्यांचे साठ उपक्रम सोलापूरच्या शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालयासह देशभर अभ्यासले जातात. कातडीने कातडी भरून काढण्याची कल्पनाही त्याच परंपरेतील होय.

ही विद्या केवळ पोथीत राहिली नव्हती. इंग्रज फौजेतील कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक टिपू सुलतानाच्या कैदेत कापले गेले. पुण्याजवळ, विटा पाडणाऱ्या जातीतील एका वैद्याने कपाळाच्या त्वचेतून त्याला नवे नाक दिले. प्रथम मेणाचा नमुना करून त्या मापाची त्वचा कापली. मात्र भुवयांमधील तिचे मूळ तोडले नाही. रक्त त्याच वाटेने येत राहिले. सुमारे २५ व्या दिवशी, त्वचा नव्या जागी रुजल्यावर, ते मूळ छेदले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने हा वृत्तांत १७९४ साली छापला आणि १८१४ मध्ये कार्प्यू या शल्यवैद्याने तेथे तीच पद्धत अवलंबिली. वृत्तांतात गाडीवानाचे नाव आले, वैद्याचे मात्र आले नाही!

रक्ताची ही अट पुढेही सुटली नाही. रेव्हर्दँ यांनी १८६९ मध्ये त्वचेचे सुटे, बारीक तुकडे जखमेवर लावून दाखविले. पण तेही जखमेचा तळ स्वच्छ आणि रक्ताने जिवंत असेल तरच रुजतात. १९७५ मध्ये राइनवाल्ड व ग्रीन यांनी त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढविण्याची रीत सिद्ध केली. अशा जिवंत पेशींचे ‘अ‍ॅप्लिग्राफ’ हे आवरण मधुमेही पायाच्या जखमेसाठी अमेरिकेत २००० साली मान्य झाले. त्यातील पेशी मानवी असल्या, तरी त्यांना आधार देणारे कोलॅजन गोवंशाचे असते. अहिंसाव्रती कुटुंबाने कोणत्याही आवरणाविषयी डॉक्टरांना हा प्रश्न अवश्य विचारावा. त्यात संकोचण्यासारखे काही नाही. रुग्णाच्याच मांडीवरील त्वचा घेतली असता तो प्रश्न उद्भवत नाही. मुंबईच्या सायन रुग्णालयात २००० साली सुरू झालेल्या त्वचापेढीमुळे मरणोत्तर त्वचादानाची वाट खुली झाली. ही त्वचा मुख्यत्वे भाजलेल्यांना तात्पुरते आच्छादन म्हणून उपयोगी पडते.

तथापि, रोपण केलेली त्वचा त्याच पायाखाली पुन्हा फाटते, असे का व्हावे? याचे उत्तर कुष्ठसेवेतून मिळाले. १९४६ पासून वेल्लोर येथे काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांना आढळले की, कुष्ठरुग्णाच्या तळव्याची जखम बहुधा रोगाने चिघळत नाही. वेदना न कळल्याने त्याच जागी वारंवार भार पडतो आणि ती चिघळते. मधुमेहातही तळव्याची संवेदना अशीच हरपते. जखमेवरील भार सर्व पायावर वाटून देणारा प्लास्टरचा साचा ब्रँड यांनी रुग्णांना घातला. पुढे अमेरिकेत मधुमेही पायांसाठीही तो रूढ झाला. रक्तपुरवठा, साखर व जंतुसंसर्ग यांची व्यवस्था झाली आणि भार हटला, तरच महागडे रोपण टिकते.

सोलापूरच्या वैशाखात मंदिराच्या प्रांगणातील फरशी दुपारी तव्यासारखी तापते. संवेदना गेलेल्या तळव्यास तो चटका कळत नाही. संध्याकाळी फोड दिसतो तेव्हाच कळते. अशा ज्येष्ठांनी प्रदक्षिणा सकाळच्या गारव्यात उरकावी, आणि घरच्या सुनानातवंडांनी रोज रात्री त्यांचे तळवे दिव्याच्या उजेडात पाहावेत.