फंडीची भरती आणि किनाऱ्यावरील माणसें

कॅनडाच्या पूर्वेस न्यू ब्रन्स्विक व नोव्हा स्कोशिया या दोन प्रांतांच्या मध्यें फंडीचा उपसागर आहे. ओहोटीच्या वेळीं आल्मा गांवच्या धक्क्यावर गेल्यास मच्छीमारांच्या होड्या समुद्राच्या उघड्या तळावर टेकलेल्या दिसतात. सहा तासांनीं त्याच होड्या धक्क्याच्या उंचीला तरंगूं लागतात. येथें पाणी सुमारें ४० फूट चढतें, तर उपसागराच्या माथ्याशीं मिनास खोऱ्यांत ५० फुटांहूनहि अधिक.

चंद्रसूर्यांचें आकर्षण सर्वत्र आहे. मग हा चमत्कार येथेंच कां? उपसागरांतील पाणी एकदां हेलावलें म्हणजे आंत जाऊन परतण्यास त्यास सुमारें १३ तास लागतात, आणि महासागराची भरती १२ तास २५ मिनिटांनीं येते. झोपाळा परततांना नेमका ढकलावा, तसा हा प्रकार होतो. शिवाय आंत जावें तसा उपसागर अरुंद व उथळ होत जातो.

सतराव्या शतकांत येथें आलेल्या अकेडियन नांवाच्या फ्रेंच शेतकऱ्यांनीं माथ्याकडील दलदलीस मातीचे बांध घातले. बांधांत लाकडी झडप असे. ओहोटीस ती उघडून गोडें पाणी बाहेर जाई व भरतीच्या दाबानें आपोआप मिटे. कोंकणांतील खारबंदिस्तीच्या उघाडीशीं परिचय असणारास ही युक्ति सहज समजेल. परंतु १७५५ सालापासून इंग्रजांनीं या लोकांस हद्दपार केलें, आणि त्यांनीं कमावलेली जमीन इतरांच्या हातीं गेली.

एकोणिसाव्या शतकांत आल्माच्या आसपास लाकडाच्या गिरण्या निघाल्या. पॉइंट वुल्फ येथील नदीवर गिरणीसाठीं बांध पडला आणि सामन माशांची वर जाण्याची वाट बंद झाली. पुढें जंगल सरलें, गिरणी थांबली; तरी कांहीं कुटुंबें तेथेंच राहिलीं. १९४८ सालीं सुमारें ८० चौरस मैलांचें फंडी राष्ट्रीय उद्यान स्थापन झालें. त्यासाठीं प्रांतिक सरकारनें जमिनी सक्तीनें घेतल्या. मोबदला दिला गेला, पण वस्त्या उठल्या.

त्याच प्रांतांत कूशिबूग्वाक उद्यानासाठीं १९६९ सालीं पुन्हां हाच मार्ग धरण्यांत आला. या वेळीं दोनशेंहून अधिक कुटुंबें उठविलीं गेलीं. त्यांत बहुसंख्य अकेडियन, म्हणजे पूर्वीं हद्दपार झालेल्यांच्याच जातीचे लोक होते. त्यांनीं तीव्र प्रतिकार केला. परिणामीं सरकारचें धोरण बदललें, आणि २००० सालच्या कायद्यानें नव्या राष्ट्रीय उद्यानासाठीं सक्तीनें जमीन घेण्यास मनाई केली.

पॉइंट वुल्फचा बांध १९८० नंतरच्या दशकांत काढण्यांत आला. नदी मोकळी झाली; तथापि उपसागराच्या आंतील भागांतील सामन २००३ सालीं कायद्यानें संकटग्रस्त ठरविण्यांत आला. मोडलेलें सर्वच पुन्हां सांधतां येतें असें नाहीं. फंडीचें अरण्य पाहावयास जाणारानें भरतीचें कौतुक अवश्य करावें. परंतु तेथील शांततेंत विझलेल्या चुलींचाहि वांटा आहे, याचा विसर पडूं देऊं नये.