दिवाबत्तीची पट्टी

गावाकडच्या घराचा नमुना 8 चा उतारा काढायला ग्रामपंचायतीत गेलो होतो. माझ्या पुढे एक आजी उभ्या होत्या. पावतीवर बोट ठेवून ग्रामसेवकांना विचारत होत्या, "भाऊसाहेब, घरपट्टी समजली, पाणीपट्टी समजली. ही दिवाबत्ती कसली? आमच्या बोळातला दिवा पोळ्यापासनं बंद हाय." भाऊसाहेब मान वर न करता म्हणाले, "आजी, ती बसलेलीच असते."

आजी पैसे मोजून गेल्या. मी मात्र 'दिवाबत्ती' आणि 'बसलेली' या दोन शब्दांपाशी अडकलो.

दिवाबत्तीतला दिवा संस्कृत 'दीप'चा, प्राकृत 'दीव'वरून आलेला. बत्तीचं मूळ 'वर्ति'. या वर्तिची मराठीत वात झाली आणि हिंदीत बत्ती. हिंदीत 'व'चा सहज 'ब' होतो, मराठी मात्र 'व' सोडत नाही. आपले वीस, त्यांचे बीस. आपला विंचू, त्यांचा बिच्छू. म्हणजे दिवाबत्ती हा अर्धा घरचा, अर्धा पाहुणा असा जोडशब्द. निरांजनात आजही वातच असते. बत्ती कंदिलाची, गॅसची आणि सरकारी कागदातली.

त्या कागदांत ती जुनीच आहे. देवस्थान इनामांच्या कागदपत्रांत अमुक जमीन देवाच्या 'पूजाअर्चा व दिवाबत्तीसाठी' दिल्याची भाषा हमखास भेटते. तो चोख व्यवहार होता. जमिनीच्या साऱ्यात सूट मिळायची आणि त्या बदल्यात देवापुढचा दिवा तेवत ठेवायचा. चाकरी चुकली तर इनाम खालसा होण्याची धास्ती असे. अशा जमिनींवर जो थोडका सारा घेत, तो 'जुडी'. सातबाऱ्यावर 'जुडी किंवा विशेष आकारणी' ही ओळ आजही छापलेली दिसते, वाचत मात्र कोणी नाही.

आता पट्टी. संस्कृत 'पट्ट' म्हणजे कापडाचा किंवा धातूचा लांबट तुकडा, आणि त्यावर कोरलेली सनदही. मराठीत त्याच घराण्यातली पट्टी जखमेवर बांधतात, वहीत रेघ मारायला वापरतात, पेटीवर दाबतात. मराठेशाहीत मात्र ती नेहमीच्या साऱ्यावर चढवलेली जादा रक्कम होती. शिवराज्याभिषेकाच्या खर्चासाठी सिंहासनपट्टी, पेशवाईत कर्ज फेडायला कर्जपट्टी. निमित्त संपलं तरी शब्द टिकला आणि घराला, पाण्याला चिकटला. गंमत अशी की शेतकऱ्याच्या तोंडी पट्टीला उलटाही अर्थ आहे. आडत्याने कांदा विकून हातात दिलेला हिशेबाचा कागद म्हणजेही पट्टीच. बाजारातून पट्टी येते आणि चावडीवर पट्टी जाते.

ही पट्टी 'बसते'. दंडही बसतो आणि फटकाही. ही मराठीची खोडी म्हणावी, तर लॅटिनमध्येही तोच प्रकार. मुंबईकर मालमत्ता कराच्या बिलाला सरळ 'असेसमेंट' म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी शेजारी बसण्याचा अर्थ आहे. न्यायाधीशाच्या शेजारी बसून मदत करणारा तो असेसर. पुढे दंडाची नि कराची रक्कम ठरवण्याचं काम त्या नावाला चिकटलं. असेसचं डोकं उडालं आणि उरला तो सेस, बाजार समितीत कापला जातो तोच. आपला 'आकारणी' हा शब्द मात्र बसत नाही, घडवतो. आकार देणं, म्हणजे हवेतल्या रकमेला रूप देणं. जमिनीच्या दफ्तरात 'आकारबंद' नावाची नोंदवहीही असते.

दिव्यांसाठीची आकारणी फक्त आपल्याकडेच नाही. कॅलिफोर्नियात तर 1972 साली थेट 'लँडस्केपिंग अँड लायटिंग ॲक्ट' याच नावाचा कायदा झाला. रस्त्यावरचे दिवे आणि बागा यांचा खर्च आसपासच्या मालमत्तांवर वाटून टाकायचा. 1996 मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या 'प्रॉपोझिशन 218' या घटनादुरुस्तीने त्याला वेसण घातली. ज्या मालमत्तेला खास लाभ होतो, तिच्यावर त्या लाभापुरतीच आकारणी करायची. सार्वजनिक लाभाचा वाटा तिच्या माथी मारायचा नाही. शिवाय मालकांना मतपत्रिका पाठवायच्या, आणि आकारणीच्या रकमेच्या प्रमाणात मोजलेली मतं विरोधात जास्त पडली, तर आकारणी बसतच नाही. 'लाभ' आपल्याकडेही आहे. मुंबईच्या बिलात 'जललाभ कर' आणि 'मलनिःसारण लाभ कर' असे रकाने असतात. मतपत्रिका तेवढी नाही.

झाडांसाठी त्याच बिलात 'वृक्ष उपकर' आहे. त्याच्या मागे 1975 चा नागरी भागातल्या झाडांच्या जतनाचा राज्याचा कायदा आहे. 'उपकर'मधल्या 'क'ला एक काना दिला की 'उपकार' होतो. कालिदासाने रघुवंशात चांगल्या राजाच्या करवसुलीला सूर्याची उपमा दिली आहे. सूर्य पाणी शोषतो, ते हजारपटीने परत द्यायला. तिथे करासाठी त्याने शब्द वापरलाय तो 'बलि'. द्यायचं राहून गेलं की हा शब्द आपण कोणत्या अर्थाने घेतो, ते सांगायला नको.

दिवाबत्ती हा शब्द जुन्या कागदातून नव्या कागदात आला, पण येताना अट मागे राहिली. इनामात दिवा विझला तर इनाम धोक्यात यायचं. नमुना 8 मध्ये क्षेत्रफळ आहे, बांधकामाचा प्रकार आहे, भांडवली मूल्य आहे, दिवाबत्ती कर आहे. दिवा पेटतो का, याचा रकाना नाही. तेव्हा यंदा पावती घ्याल, तेव्हा तिच्या पाठीवर आपल्या बोळातल्या खांबाचा नंबर आणि दिवा बंद पडल्याची तारीख लिहा, आणि ती पावती घेऊन ग्रामसभेला जा.