तीन संग्रहालयें, तीन कसोट्या

एखाद्या समाजाला काय मोलाचें वाटतें हें त्याच्या ग्रंथांवरून कळतें, तसेंच त्यानें जतन केलेल्या वस्तूंवरूनहि कळतें. कोणती वस्तु कपाटांत मांडावयाची आणि कोणती मोडींत घालावयाची, हा निर्णय प्रत्येक संग्रहालयामागें असतो. मुंबई व पुणें येथील तीन संग्रहालयें क्रमानें पाहिलीं म्हणजे हा निर्णय कसकसा बदलत गेला, हें ध्यानांत येतें.

पहिलें भायखळ्याचें. १८५१ सालीं लंडनांत मोठें उद्योगप्रदर्शन भरलें, आणि त्या सुमारास मुंबईंतहि देशी मालाचे नमुने जमूं लागले. डॉ. भाऊ दाजी लाड, जगन्नाथ शंकरशेट, जॉर्ज बर्डवुड प्रभृतींच्या खटपटीला यश येऊन १८७२ सालीं हें संग्रहालय व्हिक्टोरिया राणी व तिचे पति यांच्या नांवानें उघडलें. या देशांत काय पिकतें, काय बनतें आणि कोण बनवितो, हे तेथले प्रश्न. ही दृष्टि राज्यकर्त्याची व व्यापाऱ्याची होती. निरनिराळ्या धंद्यांतील माणसांच्या मातीच्या प्रतिमा तेथें आहेत. म्हणजे मालाबरोबर माणूसहि नमुनाच ठरला. १९७५ सालीं या संस्थेला भाऊ दाजींचें नांव मिळालें.

दुसरें कोट भागांतलें. १९०५ सालीं प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्तें त्याची कोनशिला बसली. १९१४ सालीं इमारत पुरी झाली, तोंच महायुद्ध उद्भवलें आणि मूर्तींच्या आधीं तेथें जखमी शिपायांच्या खाटा आल्या. १९२२ सालीं तें लोकांस खुलें झालें. येथें मालाच्या नमुन्याची जागा कलाकृतीनें घेतली: मीरपूरखासच्या स्तूपांतील भाजक्या मातीच्या बुद्धमूर्ति, लघुचित्रें, टाटा बंधूंचा कलासंग्रह. या भूमीनें केवळ कच्चा माल पिकविला नाहीं, सौंदर्यहि निर्मिलें, याची साक्ष या दालनांनीं दिली. आज तें छत्रपति शिवाजी महाराजांच्या नांवानें ओळखलें जातें. परंतु जें प्राचीन, दुर्मिळ व उत्तम तेंच निवडावें, ही त्याची कसोटी राहिली.

पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनीं ही कसोटीच बदलली. ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहिणारे हे गृहस्थ १९२० च्या सुमारास वस्तु जमवूं लागले. गांवोगांव हिंडून त्यांनीं दिवे, अडकित्ते, दौती, फण्या, चुन्याच्या डब्या, कोरीव दारें मिळविलीं. बालपणींच वारलेल्या राजा या मुलाचें नांव त्यांनीं संग्रहाला दिलें आणि १९७५ सालीं तो सरकारच्या स्वाधीन केला. आज तेथें वीस हजारांहून अधिक वस्तु आहेत.

या अडकित्त्यांवर राजांचीं नांवें नाहींत, आणि घडविणाऱ्यांचीं नांवेंहि कुणी लिहून ठेविलीं नाहींत. तरी सुपारी कातरण्याच्या साध्या साधनालाहि त्यांनीं डौल दिला. रोजच्या कामाची वस्तुहि देखणी असावी, हा सामान्य माणसाचा आग्रह. भायखळ्यास मातीची प्रतिमा होऊन जो कारागीर मुका उभा आहे, तो पुण्यास आपल्या कामांतून बोलतो.

घरोघर वीज आली, तसे पितळी दिवे माळ्यावर गेले आणि तेथून मोडींत. तराजूंत पडलेल्या दिव्याचें मोल पितळेच्या वजनाइतकें. त्याच्या उजेडांत कोण वाचत बसलें होतें, हें सांगणारें घरांत कुणी उरलें नाहीं, तर पुढें कोणतेंहि संग्रहालय तें सांगूं शकणार नाहीं.