कोळसा, चुना आणि नदी : राजूरचा भूतकाळ व भवितव्य

राजूर नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. अकोले तालुक्यातील राजूर निराळे, जालना जिल्ह्यातील गणपतीचे राजूर निराळे. आज आम्ही वाचकांना ज्या राजूरला नेणार आहोत, ते यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यात आहे. परिसरातील लोक त्याला ‘राजूर कॉलरी’ म्हणून ओळखतात. गावाच्या नावाला खाणीचे नाव असे कायमचे जोडले गेले, यातच त्याचा अर्धा इतिहास येतो. उरलेला इतिहास समजून घ्यायचा, तर आधी नदीकडे पाहिले पाहिजे.

मध्य प्रदेशातील मुलताईच्या पठारावर उगम पावणारी वर्धा वणी तालुक्याच्या सीमेवरून वाहते. जुगादजवळ तिला पैनगंगा मिळते आणि पुढे वैनगंगेच्या संगमानंतर ती प्राणहिता होऊन गोदावरीकडे जाते. शतकानुशतके ही नदी राज्यांची सीमा होती. पलीकडे नागपूरकर भोसल्यांचा मुलूख, अलीकडे निजामाचा वऱ्हाड. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६४ साली येथे नवा जिल्हा निर्माण झाला आणि पुढे त्याला वणीचेच नाव मिळाले. इंग्रजी कागदपत्रांत हा ‘वून’ जिल्हा होय. १९०५ साली त्याची पुनर्रचना होऊन यवतमाळ जिल्हा आकारास आला आणि वणी एक तालुका म्हणून उरली.

नदीकाठची काळी, भारी जमीन हे या मुलखाचे पहिले धन. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची दृष्टी वऱ्हाडाकडे वळली. येथील शेतकऱ्याचे नशीब तेव्हापासून दूरच्या बाजारभावाशी बांधले गेले. जंगलाच्या बाजूला कोलाम आणि गोंड बांधवांची वस्ती होती. कोलामांचे पोड, त्यांची ज्वारी आणि त्यांचे रानातले ज्ञान हेही या भूमीचे धनच. मात्र सरकारच्या महसुली वहीत त्याची नोंद होण्याचे कारण नव्हते.

दुसरे धन जमिनीखाली होते. सरकारच्या भूगर्भ खात्याचे ह्यूज यांनी वर्धा खोऱ्यातील कोळशाचा अभ्यास करून १८७७ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. नदीपलीकडे वरोऱ्यास तत्पूर्वीच सरकारी खाण सुरू झाली होती व तिच्यासाठी रेल्वे आणली गेली. राजूरचा कोळसाही याच खोऱ्यातला. येथे भुयारी खाण झाली आणि कामासाठी बाहेरगावची माणसे येऊन स्थायिक झाली. १९७३ साली देशातील कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ पासून या खोऱ्यातील खाणी वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कंपनीकडे आल्या. ठेकेदाराच्या मर्जीवर जगणाऱ्या मजुराला दरमहा पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि दवाखाना मिळाला. ही गोष्ट लहान नव्हे. अनेक घरांतील पहिला पदवीधर याच पगारावर शिकला.

राजूरचे तिसरे धन म्हणजे चुनखडी. दगड आणि कोळसा दोन्ही हाताशी, म्हणून येथे चुन्याच्या भट्ट्या उभ्या राहिल्या. उभ्या भट्टीत चुनखडीचा एक थर व कोळशाचा एक थर असे रचीत जायचे आणि खालून आच द्यायची. सुमारे नऊशे अंश उष्णतेला दगडातील कर्बवायू निघून जातो. शुद्ध चुनखडी शंभर किलो घातली, तर हाती छप्पन्न किलो कळीचा चुना येतो. त्यावर पाणी घातले की तो उकळतो, फुलतो आणि विरतो. हा चुना घरांच्या भिंतींना लागला आणि साखर कारखान्यांत उसाचा रस निवळण्यासही उपयोगी पडला. परंतु भट्टीवर राबणाऱ्याच्या हातापायांना, डोळ्यांना आणि छातीला त्याची धग सोसावी लागते. पांढऱ्या शुभ्र भिंतीमागे कोणाची कातडी भाजली, हे रंगवलेल्या घरात राहणाऱ्याला सहसा ठाऊक नसते. पुढे बांधकामात सिमेंट आले आणि चुन्याचे जुने स्थान गेले. २०२२ साली याच जिल्ह्यात मुकुटबन येथे मोठा सिमेंट कारखाना सुरू झाला. दगड तोच, पण त्याचा धनी आता निराळा.

अशा गावाचे भवितव्य काय? उत्तरासाठी पुन्हा वरोऱ्याकडे पाहावे. तेथील ती खाण १९०६ साली बंद पडली. वरोरा मात्र उजाड झाले नाही, कारण त्याच्यापाशी कापसाची बाजारपेठ, रेल्वे आणि भोवतीची शेती होती. पुढे त्याच गावाजवळच्या ओसाड माळावर बाबा आमटे यांनी समाजाने टाकून दिलेल्या कुष्ठरुग्णांच्या हातांनी आनंदवन फुलवले. खाण गेली तरी माती, पाणी आणि माणसे उरतात. त्यांवर नवे जीवन उभे राहू शकते, हा त्याचा धडा.

पण माती आणि पाणी खरोखर उरणार आहे काय, हीच आमची चिंता आहे. १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याने जमिनी संपादित होतात. मोबदला मिळतो, काही घरांत नोकरीही मिळते. परंतु नोकरी एका पिढीची आणि जमीन सर्व पिढ्यांची. उघड्या खाणींतून उपसलेल्या मातीचे डोंगर शिवारात उभे राहतात. जुलै २०२२ मध्ये वर्धेला महापूर आला, तेव्हा वणी तालुक्यातील नदीकाठच्या गावांना पाण्याने वेढले आणि उभी पिके गेली. पाण्याला पसरायला जागा हवी. ती अडवली की ते माणसांच्या घरांत शिरते.

उपाय मुळीच नाहीत असे नव्हे. २०१५ च्या कायदा दुरुस्तीनुसार प्रत्येक खाण जिल्ह्यात खनिज प्रतिष्ठान स्थापन करायचे असून, जुन्या खाणपट्ट्यांच्या स्वामित्वधनाच्या तीस टक्क्यांइतकी जादा रक्कम खाणबाधितांसाठी त्यात जमा व्हावी लागते. पिण्याचे पाणी, आरोग्य आणि शिक्षण यांना त्यात अग्रक्रम आहे. तसेच २००९ पासून प्रत्येक कोळसा खाणीस ती बंद करण्याची योजना आधीच तयार ठेवून त्यासाठी पैसे बाजूला ठेवावे लागतात. खड्डे बुजवणे, माती पसरवणे, झाडे लावणे ही कंपनीची मेहेरबानी नव्हे. ते तिचे कर्तव्य आहे.

मात्र कागदावरचा हक्क मागितल्यावाचून पदरात पडत नाही. निधी कोठे खर्च झाला, आमच्या शिवाराची योजना काय, हे प्रश्न ग्रामसभेत विचारावे लागतील. ते विचारणाऱ्यांत खाणीतल्या पगारदाराबरोबर भट्टीवरची बाई, कापूसवाला शेतकरी आणि पोडावरचा कोलामही असावा. कोळशाने या गावाला नाव दिले. तो संपण्यापूर्वी येथील मुलांसाठी काय राखायचे, हे गावाने एकत्र बसून ठरवावे, एवढेच आमचे मागणे.