योर्डानचे भाडेकरू

सतराव्या शतकात डच जहाजांनी मांडवीच्या मुखाशी गोव्याची नाकेबंदी केली होती. त्या व्यापारावर गबर झालेल्या आम्स्टरडॅममधला गरीब राहायचा कुठे? १६१२ नंतर शहर वाढवलं तेव्हा कालव्यांकाठी श्रीमंतांची घरं उभी राहिली, आणि त्यांच्या पश्चिमेला कारागीर-मजुरांचं योर्डान.

दिवाळं निघाल्यावर खुद्द रेम्ब्रांट इथेच, रोझनग्राख्टवर भाड्याने राहिला. १६६९ साली गेला, तो शेजारच्या वेस्टरकेर्क चर्चमधल्या कबरीत. तीही भाड्याचीच!

एकोणिसाव्या शतकात एकेका खोलीत अख्खं कुटुंब राही. तेवढंही न परवडणारे ओल्या तळघरांत. पर्यटक ज्या रस्त्यावरच्या गजबजाटाचं कौतुक करतात, त्याचं मूळ मला या कोंदट खोल्यांत दिसतं. घरात जागाच नव्हती, मग माणसं बाहेरच जगणार. २५ जुलै १८८६ रोजी लिंडनग्राख्टवर एक खेळ चालला होता. कालव्यावर बांधलेल्या दोरीला जिवंत ईल मासा टांगायचा आणि होडीतून तो ओढून काढायचा (क्रूर खेळ, बंदीही होती). पोलिसांनी दोरी कापली. दंगल पेटली, सैन्य आलं, २६ माणसं मेली. मासा निव्वळ निमित्त.

१९०१ च्या कायद्याने बिननफ्याच्या गृहसंस्थांना सरकारी कर्ज मिळू लागलं, राहण्यास अयोग्य घरं बंद करता येऊ लागली. पुढे १९६०-७० च्या दशकांत वस्ती पाडण्याचे बेत रहिवाशांनी हाणून पाडले. वस्ती वाचली आणि महागली. आज गृहसंस्थेच्या घरासाठी वर्षानुवर्षं नाव लावून बसावं लागतं, आणि खाजगी भाडं मजुराला झेपणारं नाही. जुने योर्डानकर कितीतरी आल्मेरला गेले, समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवरच्या नव्या घरांत.