हा आकडा लिहिला कोणी? मुंबईचा प्लेग आणि महापालिकेतला वाद (१८९६–१८९८)

विज्ञान शाखेतून पीएचडीकडे वळणारे बरेच जण मला विचारतात, "आपण इतिहास कशाला वाचायचा?" मी स्वतः सूक्ष्मजीवशास्त्रातली एमएस्सी, त्यामुळे एकेकाळी हा प्रश्न माझाही होता. पहिल्या वर्षी मी मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंचा छान रंगीत आलेख काढून गाईडसरांकडे गेले. सरांनी दोन मिनिटं तो पाहिला आणि विचारलं, "हा माणूस प्लेगने मेला असं लिहिलं कोणी? आणि तसं लिहिल्यावर त्याच्या घरच्यांचं काय झालं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधता शोधता मी प्रयोगशाळेतून थेट मुंबई महापालिकेच्या भांडणात जाऊन पोचले. तीच गोष्ट आज सांगते.

आधी सत्ता कोणाकडे होती ते पाहू, कारण त्याशिवाय वाद कळत नाही. १८८८ च्या कायद्याने मुंबई महापालिकेत ७२ सभासद होते. त्यातले ३६ करदात्यांनी निवडलेले आणि १६ सरकारने नेमलेले. उरलेले जस्टिस ऑफ द पीस, विद्यापीठ आणि व्यापारी मंडळ यांच्याकडून यायचे. पैशाला मंजुरी महापालिका द्यायची, पण प्रत्यक्ष कारभार सरकारने नेमलेल्या आयुक्ताच्या हातात. थोडक्यात, तिजोरी एकाकडे आणि हुकूम दुसऱ्याकडे. एरवी हे कसंबसं चालायचं. साथ आली तेव्हा सांधे उघडे पडले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे रुग्ण पाहिले आणि हा प्लेग आहे असं स्पष्ट सांगितलं. हे मूळचे गोव्याचे डॉक्टर स्वतः महापालिकेचे सभासदही होते. म्हणजे निदान करणारा आणि सभागृहात बोलणारा माणूस एकच! प्लेग हा शब्द उच्चारायला मात्र बरेच जण कचरत होते. मुंबई म्हणजे बंदर, आणि प्लेगचं नाव निघालं की जहाजं अडणार, व्यापार बसणार.

आता त्या वेळचं विज्ञान. येर्सिनने १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जिवाणू शोधला होता, पण तो उंदरांवरच्या पिसवांमधून माणसाकडे येतो हे कोणाला ठाऊक नव्हतं. सिमाँने ते १८९८ मध्ये मांडलं आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. त्यामुळे १८९६ चं सगळं धोरण घाण आणि रुग्णाचा संसर्ग या दोन गोष्टींवर उभं होतं. गटारं धुणं, कार्बोलिक आम्ल ओतणं, घरांना चुना लावणं आणि रुग्णाला उचलून रुग्णालयात नेणं, असा तो कार्यक्रम होता.

६ ऑक्टोबरला आयुक्त स्नो यांनी हुकूम काढला. रुग्णाला गरज पडल्यास सक्तीने हलवायचं. आर्थर रोडच्या साथरुग्णालयात (आजचं कस्तुरबा) गेलेला माणूस परत येत नाही, अशी लोकांची समजूत झाली होती. ती अगदीच निराधार नव्हती, कारण बहुतेक रुग्ण तिथे अखेरच्या अवस्थेत पोचत. शिवाय जातपात, सोवळं, बायकांचा पडदा हे सगळं त्या एका वॉर्डात मोडणार होतं. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने त्या रुग्णालयावर हल्ला केला.

दुसऱ्याच दिवशी हुकूम सौम्य झाला. घरी नीट वेगळं ठेवता येत असेल तर रुग्णाला हलवणार नाही, असं जाहीर झालं.

इथे जरा थांबा. आपल्याला वाटतं, सभासदांची भाषणं आणि पुढाऱ्यांचे अर्ज यांमुळे आयुक्त नमले असतील. त्यांचा वाटा होताच. पण स्नो यांनी स्वतःच्या अहवालात वेगळी भीती नोंदवली आहे. घाबरून सफाई कामगार शहर सोडून गेले तर काय? मुंबईतला मैला तेव्हा रोज माणसं उचलत होती. ती गेली असती तर शहर राहण्यालायक उरलं नसतं. महापालिकेत ज्यांना एकही मत नव्हतं, त्यांच्या नुसत्या निघून जाण्याच्या शक्यतेने शहराचं धोरण बदललं. मला स्वतःला हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा धडा वाटतो.

सरकारला अर्थातच ही माघार पटली नाही. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि प्लेगविषयक अधिकार महापालिकेकडून तिकडे गेले. घरोघर झडत्या सुरू झाल्या. गंमत म्हणजे, लष्करी माणसाच्या हाती सूत्रं गेल्यावरही लोकांच्या सहकार्याशिवाय भागलं नाही. वेगवेगळ्या जातीजमातींना आपापली प्लेग रुग्णालयं काढायला परवानगी मिळाली. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. तिला लोकांपर्यंत नेताना आगाखानांसारख्या पुढाऱ्याने सर्वांसमोर लस टोचून घेणं हे सरकारी फतव्यापेक्षा जास्त उपयोगी पडलं.

सहकार्य जिथे तुटलं तिथे काय झालं तेही पाहा. २२ जून १८९७ ला पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. ९ मार्च १८९८ ला मुंबईत मदनपुऱ्यातल्या विणकर वस्तीत एका आजारी मुलीला नेण्यावरून दंगल पेटली आणि शहरभर पसरली. त्यानंतर सक्तीचा जोर ओसरला आणि प्लेगचं काम पुन्हा महापालिकेकडे आलं.

आता माझ्या आलेखाकडे येऊ. प्लेग लिहिला की घराची झडती, सामानाची जाळपोळ, माणसाची ताटातूट. मग घरचे लोक मृत्यूचं कारण साधा ताप सांगायचे. म्हणजे सक्ती वाढली की प्लेगचे नोंदलेले मृत्यू कमी दिसू शकतात, आणि साथ ओसरली असं वाटू शकतं! त्या काळच्या अधिकाऱ्यांनाही हे माहीत होतं. म्हणून तेही एकूण मृत्यू नेहमीपेक्षा किती वाढले ते पाहायचे. शिवाय लाखो लोक शहर सोडून गेले होते, त्यामुळे दर काढताना भागायचं कशाने हाही प्रश्नच. १८९१ ची सव्वाआठ लाखांची लोकसंख्या तशीच वापरली, तर दर चुकणारच. मी नेमकं तेच केलं होतं.

तेव्हा जुना डेटा हातात घ्याल तेव्हा एक काम आवर्जून करा. त्या वर्षी नियम काय होते आणि ते कधी बदलले, याची तारीखवार यादी करून आलेखाच्या खाली ठेवा. ६ ऑक्टोबर, ३० ऑक्टोबर, मार्च १८९७, मार्च १८९८. वक्ररेषा नेमकी तिथेच वळत असेल, तर आधी कारकुनावर शंका घ्या, मग जिवाणूवर. आणि एकाच बाजूचा अहवाल वाचून थांबू नका. स्नो यांचाही अहवाल आहे, गॅटेकर यांचाही आहे. दोघेही आपापल्या कारभाराचा हिशेब देत होते, हे लक्षात ठेवून वाचा.

१८९७ चा तोच कायदा मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू झाला, तेव्हा आपण सगळे घरात बसून आकडे बघत होतो. ते आकडे कोणी, कुठल्या नियमाखाली लिहिले, हा प्रश्न पुढच्या पिढीतला एखादा संशोधक विचारेलच. तुमच्यापैकीच कोणी तो विचारला, तर फारच छान. मी माझा आलेख पुन्हा काढला. या वेळी तो तेवढा रंगीत नाही आणि सरांनी अजून हो म्हटलेलं नाही. पण पहिला प्रश्न मात्र त्यांनी परत विचारला नाही.